सकाळ विसरलेलं पॅनेल

वन्सं, तुम्हाला जाऊन अजून पंधरवडाही झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. काय करू, घरात भांडायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तुमचा भाऊ तर भांडणाचा वास आला की चप्पल पायात सरकवून गावात निघून जातो, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. लोक भेटायला येतात, चहा घेतात, "विमलआक्का लई चांगल्या होत्या, कुणाला तरास न्हाई दिला" म्हणतात आणि उठतात. मी मान हलवते. मनात म्हणते, मला विचारा की. जेवून जरा पाठ टेकली की वरून हाक यायची, "शालन, पाना घिऊन ये गं!" आणि पाना घेऊन गेलं की, "हा न्हवं, दुसरा."

गगनबावड्याहून तुम्ही आलात तो दिवस आठवतो. तुमच्या मालकांच्या मागे तुम्ही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान एकटीने ओढलंत. मग लोकांनी टीव्ही दुरुस्त करायचंच सोडून दिलं, दुकान बंद झालं, घर दिरांच्या मुलांकडे गेलं आणि धाकटा भाऊ तुम्हाला न्यायला आला. आपल्या मुडशिंगीच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा आधी हत्यारांची ट्रंक उतरली. कपड्यांची पिशवी नंतर, तीही ट्रंकेवर ठेवलेली पडली म्हणून आठवली. खालची खोली मी धुऊन पुसून ठेवली होती. तुम्ही ती बघितलीसुद्धा नाही. जिन्याने वर गेलात आणि गच्चीवरच्या कांद्याच्या खोलीत ट्रंक ठेवायला लावलीत.

हे म्हणाले, "आक्का, वर पंख्याची वायर ओढून देतो." त्यावर तुम्ही जे बोललात ते मी खालच्या पायरीवरून ऐकलं. "वायर नगं बाळू. माझी वीज मी बघंन. भावाच्या मीटरवर बसायचं न्हाई मला."

जन्मभर लोकांची मीटरं वाचून नोकरी केलेला माणूस. तो खाली आला आणि वायरचं भेंडोळं परत खिळ्याला अडकवलं. मला मात्र राग आला. भाकरी आमची चालते, पाणी आमचं चालतं, मग विजेनं काय घोडं मारलं होतं? तुम्हाला वाटलं असेल शालन विसरली. शालन काही विसरत नाही.

पहिला उन्हाळा तुम्ही हातपंखा हलवत काढलात. मग गावातल्याच कुणाकडून एक जुनं सोलर पॅनेल आणलंत, विटांवर तिरकं टेकवलंत, एक बॅटरी जोडलीत. पण ते बिचारं एकाच दिशेला तोंड करून बसायचं. सूर्य समोर असेल तेवढा वेळ कमवायचं, बाकी वेळ नुसतं बसून. दिवा लागायचा, पंख्याला पुरायचं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझं वाळवण चालू होतं. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बाजेवर धोतर पसरून. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली सरकेल तशी मी बाज सरकवत होते. सकाळी जिन्याजवळ, दुपारी मधोमध, नंतर पार पलीकडच्या कठड्याला. तुम्ही खोलीच्या दारात बसून बघत होता.

"शालन, सकाळपास्नं काय करालीस गं?"

"उन्हामागनं फिरालोय."

"पापडासाठनं?"

"मग? ऊन काय माझ्यामागनं फिरणार हाय व्हय?"

तुम्ही विटांवरच्या पॅनेलकडे पाहिलंत, मग माझ्या बाजेकडे. संध्याकाळी खाली येऊन तुम्ही माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मागितलंत आणि म्हणालात, "तुला मोटार बसवली की माझं काम झालं."

तुम्ही गगनबावड्याला जन्म काढलात, जिथे पावसाळ्याचे चार महिने सूर्य कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा धुक्यात कळत नाही. म्हणूनच इथे येऊन हात धुऊन त्याच्या मागे लागलात, असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "व्हय, तिकडची उधारी वसूल करालोय."

मग आपल्या दुपारी सुरू झाल्या. माझा स्वयंपाक, भांडी, म्हशीचं वैरणपाणी उरकायचं आणि मी वर यायची. भंगारातल्या जीपचा वायपर फिरवणारी मोटार तुम्ही शहरात जाऊन शोधून आणलीत. सायकलच्या मागच्या चाकाचा तुंबा, मधला फिरता भाग, घेतलात, त्याच्यावर पॅनेल फिरणार होतं. खांब वेल्डिंग करून द्यायला आलेल्या माणसाने वर बघून विचारलं, "काकी, जोतिबाची सासनकाठी हुबी करताय काय?" तुम्ही त्याला म्हणालात, "काठी मी हुबी करतो, नाचाय तू ये."

श्रीखंडाच्या झाकणाची कशी भिंत झाली ते मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगते. पॅनेलच्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन सेन्सर, उजेड ओळखणारे, आणि त्यांच्या मधोमध झाकणाची उभी पट्टी. ऊन समोरून आलं तर दोघांना सारखं. सूर्य जरा सरकला की पट्टीची सावली एकावर पडते. ते एका बोटभर निळ्या पाटीवरच्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे यंत्राच्या मेंदूला, कळतं आणि तो मोटारीला सांगतो, सरक. तुम्ही एवढं सगळं मला सांगितलंत आणि मी म्हटलं, "म्हंजी माझ्यागत. सावली आली की बाज सरकवायची." तुम्ही म्हणालात, "तेच की. खरं तू बडबड करतीस, हे करत न्हाई."

त्या मायक्रोकंट्रोलरला शिकवायचं काम मात्र सोपं गेलं नाही. आपल्या मुलाचा जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन, फोनवर हिंदी व्हिडिओ लावून, चष्म्यावर चष्मा चढवल्यासारखं तोंड करून तुम्ही बसायचात. एक अर्धविराम राहिला म्हणून एकदा सगळी दुपार गेली. तुम्ही त्या मशीनला गगनबावड्याच्या बाजारातल्या शिव्या दिल्यात. मी हसून हसून जिन्यात बसले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी एवढी कधी हसले नव्हते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. खरंच राहिलं. सासू, दीर, मुलाची शाळा, म्हशी, यांच्यात मला मैत्रीण कुठली मिळणार होती? ती मिळाली ती नणंदेच्या रूपाने, आणि तीही केस पिकल्यावर.

ज्या दुपारी ते पहिल्यांदा आपल्या आपण हललं, त्या दुपारी तुम्ही माझा दंड इतका दाबलात की वळ उठला. कुर्र करून थोडं सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. संध्याकाळी सूर्य मावळतीला टेकला आणि पॅनेल बरोबर त्याच्याकडे तोंड करून उभं. हे वर आले. हात मागे बांधून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "फिरतंय की." तुमच्या भावाच्या तोंडून एवढं म्हणजे पेढेच वाटले म्हणायचे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची बोंब. "शालन, पळ, वर ये!" मी पिठाच्या हातानेच धावले. सूर्य चांगला वर आला होता आणि आपलं पॅनेल त्याच्याकडे पाठ करून, पश्चिमेकडे तोंड फिरवून उभं. रुसलेल्या जावयासारखं. ढिम्म हलेना. सूर्य त्याच्या पाठीवर, दोन्ही सेन्सर सारखेच सावलीत, मग सरकायचं कशाला आणि कुठे? दुपार कलायला लागल्यावर कुठे ते जागं झालं.

आपण कधी बघितलंच नव्हतं. सकाळी मला चूल, तुम्हाला आंघोळ-पूजा. आपण दोघींनी ते यंत्र रोज दुपारी बनवलं, दुपारी तपासलं, दुपारीच वाखाणलं. बायकांनी घरकाम उरकून बनवलेलं यंत्र ते, त्याला सकाळ म्हणून काही असते हे कुणी सांगितलंच नाही! तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि मग आपण दोघी गच्चीवर फतकल मारून हसत बसलो. खाली हे चहाची वाट बघत राहिले.

तात्पुरतं म्हणून तुम्ही दारावरच्या बेलचं एक बटण लावून दिलंत. ते दाबून धरलं की मोटार उलटी फिरते आणि पॅनेल पूर्वेला येतं. "दोन वळी लिवल्या की आपल्या आपण येईल सकाळचं," तुम्ही म्हणालात. त्यासाठी वेळ सांगणारी एक बारकी चिप पण मागवलीत. ती आली, ट्रंकेत गेली आणि तिथेच राहिली. आणि रोज सकाळी झाडलोट झाली की मी वर यायचं, बटण दाबायचं, पॅनेल फिरेपर्यंत तुमच्या दाराशी उभं राहायचं, मग तुम्ही म्हणायचं, "आलीस तर चा घे." मी किती वेळा म्हटलं, "वन्सं, त्या दोन वळी लिवा की. माझं गुडघं दुखत्यात." तुम्ही म्हणायचात, "चढल्यावर दुखायचं थांबत्यात." त्या ओळी खरंच राहिल्या की तुम्ही राहू दिल्या, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. मुलगा परवा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, मी आलो की लिहून देतो, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, हात लावायचा नाही.

आता मूळ भांडणाकडे येते.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वाळवण घातलं आणि तुमच्या पॅनेलची सावली माझ्या कुरडयांवरून चालायला लागली. टाकीची सावली तरी ओळखीची, तिची चाल मला पाठ. ही दिवसभर हलणार. मी बाज सरकवली की ही मागोमाग. मी ओरडले, "वन्सं, ह्येला आवरा!" तुम्ही म्हणालात, "जाती गं घडीभरात." मी म्हटलं, "घडीभरात कुरडई मऊ पडती." चांगली जुंपली. शेजारची गच्ची ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सावली नव्हती. मला वाटलं, चला, सुधारल्या. भर दुपारी ताक द्यायला वर आले तर तुम्ही खोलीत घामाने निथळत, हातपंखा हलवत बसलेल्या. पॅनेल खांबावरून उतरवून, वायरी काढून भिंतीला पालथं टेकवलेलं. बॅटरी रिकामी, पंखा बंद. माझ्या कुरडयांसाठी.

माझं डोकंच फिरलं. "खाली चला. खाली पंखा हाय." "न्हाई." "मग मी वायर आणतो वर." "न्हाई म्हटलं न्हवं." तेव्हा मी बोलले, वन्सं, आणि अजूनही तेच म्हणेन. "एवढं परकं समजता व्हय आमाला?"

तुम्ही पंखा खाली ठेवलात. तुमचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "परकं न्हाई गं. लेक म्हायारला आली की चार दिवस पावणी असती. पाचव्या दिवशी तिनं कोण व्हायचं, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

मी ताकाचा तांब्या ठेवला आणि खाली आले. खाली येऊन वाळवणाची बाज उचलून मागच्या अंगणात नेली आणि पुढे दरवर्षी तिथेच घातली. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मीही नाही. पण तुमचा प्रश्न तिथेच राहिला, गच्चीवर.

मग त्या पावसाळ्यातली संध्याकाळ. दोन दिवस उघडीप मिळाली होती आणि कुठेतरी झाड पडून साऱ्या गावाची वीज गेली. खाली किर्र अंधार, डास, हे चिडचिड करतायत. आणि तुमच्या खोलीच्या दारातून जिन्यावर उजेड पडलेला. मी यांना म्हटलं, चला वर. हे नको नको करत आले. तुम्ही दारात उभ्या राहिलात, पदर नीट केलात आणि म्हणालात, "या पावणं, या. बसा." आम्हाला बसायला चटई टाकलीत. डब्यातला भडंग काढलात, त्यावर कांदा चिरून घातलात. पंखा यांच्याकडे वळवलात. बाळू लहानपणी विहिरीत पडल्याचं सोंग करून आईला कसा रडवायचा ते सांगितलंत, आणि माझा हा मुखदुर्बळ नवरा भिंतीला टेकून लहान मुलासारखा हसला. त्या संध्याकाळी तुमचं तोंड बघून मला कळलं. तुम्हाला आमची वीज नको होती असं नव्हतं. तुम्हाला कुणालातरी "या, बसा" म्हणायचं होतं. त्यासाठी स्वतःचा उजेड लागतो. मला तेव्हा तुमच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी नुसतं "भडंगात मीठ जास्त झालंय" म्हटलं.

शेवटच्या महिन्यात जिना चढणं बंद झालं आणि तुम्हाला खाली आणलं, त्याच धुऊन ठेवलेल्या खोलीत. वर छताकडे बघून तुम्ही विचारलंत, "हा पंखा कुणाच्या मीटरवर फिरतोय गं?" मी म्हटलं, "यमाच्या. गप पडा." तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. मी रोज सकाळी वर जाऊन बटण दाबायची, खाली येऊन सांगायची, "फिरवलं." तुम्ही म्हणायचात, "कुरकुरालंय काय? तेल घाल." शेवटी शेवटी बोलायचं बंद झालं तरी मी सांगत होते.

दहाव्याला आम्ही पंचगंगेवर गेलो. पिंड मांडले, सगळे मागे सरले. कावळा शिवायला वेळ लावतो, मग माणसं एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्या जिवाला शब्द देतात, तुझं अमुक बघतो, तमुक सांभाळतो. मी माझा शब्द तयार करून नेला होता, वन्सं. तुमच्या त्या पाचव्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर. कोल्हापूरपर्यंत रिक्षात मनातल्या मनात घोळवत होते. सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणणार होते. आणि तुम्ही काय केलंत? आम्ही नीट उभेही राहिलो नाही तोवर कावळा आला, शिवला आणि उडाला. लोक म्हणाले, "समाधानी जीव. कशात मन अडकलं न्हवतं." मला रडू फुटलं ते रागाचं होतं. जन्मभर कुणाचं काही घेतलं नाहीत, जाताना एक शब्द तरी घ्यायचा होता माझ्याकडून!

काल मुलाने ठरवलेली माणसं आली, गच्चीवर मोठी पॅनेलं बसवायची आहेत, सगळं घर त्यावर चालणार म्हणे. तुम्ही असता तर त्यांना प्रश्न विचारून पळवून लावलं असतंत. त्यांच्यातल्या एकाने मापं घेतली आणि तुमच्या खांबाकडे बोट दाखवलं. "काकी, हे काढाय लागतंय. ह्येची सावली पडती आमच्या पॅनेलवर, आणि ती बी हलती."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. हे तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. तुम्ही गेल्यापासून वर आले नव्हते, काल कधी आले ते मला कळलंच नाही.

"पडू दे," हे म्हणाले.

"अवो काका, वीज कमी हुईल."

"हुंदे. थोरल्या भणीची सावली हाय ती. घरावर पडाय पायजे."

माणसं खांब सोडून मापं घ्यायला लागली. हे उठले, खाली गेले, खिळ्याचं ते वायरचं भेंडोळं काढलं आणि सगळी दुपार एकटेच ठाकठोक करत बसले. तुमच्या बॅटरीपासून भिंतीच्या कडेने, जिन्यावरून, खिडकीच्या चौकटीतून वायर आणली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. ओट्यावर तुमच्या ट्रंकेतला छोटा बल्ब टांगला. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाले, "आक्काचा उजेड वरच्या वर वाया जातोय. खाली येऊ दे की."

संध्याकाळी मी घरचा दिवा लावला नाही. तुमचा लावला. उजेड बेताचाच, पण भाकरी नीट दिसत होती. हे पाटावर बसले, मी वाढलं, मग मीही माझं ताट घेतलं. जेवण झालं तरी हे ताटावरून उठेनात, बल्बकडे बघत बसले. घाटावर म्हणायचं राहिलेलं ते वाक्य मी तेव्हा म्हणणार होते, पण त्याची गरज उरली नव्हती. काल आम्ही दोघं तुमच्याकडे जेवलो, वन्सं.